बर्फाची खालची बाजू

१

पेइप्सी सरोवराच्या काठी सोस्नोव्का नावाचं गाव आहे. तिथं हिवाळ्यात, सरोवर गोठलं की, सकाळी कोणी कोणाला "कसा आहेस" असं विचारत नाही. विचारतात, "लुक्याननं कान लावला का?"

"लावला."

"काय म्हणाला?"

"धरेल म्हणाला."

की निघाले सगळे. घसरगाड्या, बर्फाला भोक पाडायची गिरमिटं, बसायच्या पेट्या, आखूड गळकाठ्या. लुक्यान 'धरेल' म्हणाला म्हणजे बर्फानं वजन धरायचंच, न धरायची त्याची काय बिशाद! सरकारी माणूसही येऊन बर्फाची जाडी मोजायचा आणि काठावर फलक लावून जायचा. गावकरी त्या फलकाला घसरगाड्या टेकवून ठेवायचे.

कान लावायचा म्हणजे असा. लुक्यान काठापासून थोडा आत जाणार, टोपी काढणार, पालथा पडणार आणि उजवा कान बर्फाला चिकटवणार. मागे सगळं गाव श्वास धरून उभं. त्याचा बाप असाच पडायचा, आजाही असाच. आज्याबद्दल तर सांगतात, की त्यानं एकदा कान लावला, बराच वेळ ऐकलं आणि उठून म्हणाला, "धरेल. पण पलीकडच्या काठावर कोणाचं तरी लग्न मोडतंय." माणसं पाठवून चौकशी केली. मोडलं होतं.

अशा घराण्यातला हा लुक्यान. घोटाळा एवढाच होता, की गेले दोन हिवाळे त्याला काहीही ऐकू येत नव्हतं.

म्हणजे माणसांचं यायचं. ओठ दिसले, आवाज जरा चढा असला, की काम भागायचं. पण बर्फाचा तो खोल, घुमणारा आवाज, दूरच्या खोलीत कोणी जड कपाट ओढावं तसा, तो गेला होता. कान लावला की ऐकू यायचं ते स्वतःचंच रक्त. सूं सूं. बाकी काही नाही.

पहिल्या हिवाळ्यात त्यानं अंदाजानं 'धरेल' म्हटलं. थंडी कडक होती, बर्फानं लाज राखली. पण घरी आल्यावर लुक्यान शेगडीपाशी बसायचा तेव्हा त्याचे कान तापायचे, आणि ते शेगडीनं नव्हे. उद्या सांगून टाकू, असं रोज ठरायचं. रोज सकाळी टोपी निघायची. नुसतं खोटं बोलणं एक वेळ सोपं असतं हो, पालथं पडून खोटं बोलायला फार निर्लज्जपणा लागतो. आणि लुक्यान निर्लज्ज नव्हता, हीच त्याची पंचाईत होती.

२

कांद्याच्या माळा विकायला म्हणून तो तार्तू शहरात गेला. माळा विकल्या आणि मासेमारीच्या सामानाच्या दुकानात शिरला, ते मागचं-पुढचं बघत, दारूड्यानं गुत्त्यात शिरावं तसा.

"पाण्यात सोडायचा कॅमेरा," तो पुटपुटला. "पुतण्याला हवाय."

त्याला पुतण्या नव्हता.

दुकानदार मोठ्या उत्साहाचा निघाला. त्यानं चार कॅमेरे मांडले. लहान माशाच्या आकाराचे, प्रत्येकाला लांबलचक वायर, वायरच्या टोकाला पडदा. "पाणी स्वच्छ की गढूळ? गढूळ असेल तर रंगीत घेऊ नका, पैसे पाण्यात. काळा-पांढरा घ्या. पांढऱ्या दिव्याचाही नको. गाळावर उजेड पडला की पडद्यावर नुसतं हिमवादळ. हा बघा, याचा उजेड डोळ्याला दिसतच नाही. माशाला कळत नाही की आपल्याकडे कोणी बघतंय."

"हं."

"वायर किती लांब देऊ? पुतण्या किती खोल सोडणार?"

"खोल नाही. हा वर बघतो का?"

"वर?"

"वर. पाण्यातून वर."

दुकानदार हसला. "आजोबा, मासे खाली असतात. वर काय बघायचंय? वर तुम्हीच असाल की!"

लुक्यानला ते हसणं झोंबलं. पण त्यानं तोच घेतला, काळा-पांढरा. उलटा करून नाक तिरपं वर धरेल असा बांधता येतो, हे मात्र त्यानं दुकानातच बघून घेतलं.

३

खोटेपणा सोडला तर योजना नामी होती. बर्फाचं पोट दिसलं की बर्फाचं सगळं कळतं. चांगला बर्फ खालून काळा आणि गुळगुळीत, कुजका बर्फ दुधाळ आणि मधाच्या पोळ्यासारखा. कुठं चीर असली की बुडबुडे तिकडे सरकत जातात. जे आजा कानानं ऐकायचा, ते नातू डोळ्यानं बघणार. एवढाच काय तो फरक, असं लुक्याननं स्वतःला समजावलं. पण मग लपून का जातोस, असं मनानं विचारलं, तेव्हा तो गिरमिटाला धार लावायला बसला.

उजाडायच्या आधी तो निघायचा. वाटेच्या खुणेला पाइनच्या डहाळ्या रोवलेल्या असत. पहिल्या डहाळीपाशी एक भोक, मधे एक, आणि शेवटचं मोठ्या भेगेपाशी, जिथं वर फळ्या टाकून रस्ता केला होता. बॅटरी गारठून मरू नये म्हणून ती कोटाच्या आत, पोटाशी. कॅमेरा आधी नुसता बुडवून ठेवायचा, नाहीतर काचेवर वाफ धरते. मग वायर बोटांत हळूहळू पिळायची, म्हणजे खाली तो गोल फिरतो. डोक्यावरून घोंगडी घेऊन लुक्यान पडद्यात बघत बसायचा. परत येऊन, लोक जमले की, टोपी काढून पालथा.

"धरेल."

आणि या वेळी ते खरं असायचं. लुक्यानला पुष्कळ दिवसांनी बरी झोप लागली.

मग एकदा मधल्या भोकापाशी त्याला पडद्यावर दोन डाग दिसले. बर्फाच्या खालच्या अंगाला, शेजारीशेजारी, पावलांएवढे.

माझीच पावलं, तो मनात म्हणाला. बर्फ पारदर्शक आहे, वर मी आहे, खालून माझे तळवे दिसणारच. दुकानदार म्हणालाच होता.

त्यानं उजवा पाय उचलला.

पडद्यावरचे डाग जागचे हलले नाहीत.

घोंगडी टाकून तो उभा राहिला. चहूकडे बर्फ, वाऱ्यानं झाडून काढलेला. कोणी नाही. गोठलेला पाला असेल. नाहीतर कोणाच्या तरी बुटाचा फाटका लोकरी नमदा, पडला, बुडाला, वर येऊन चिकटला. हे पटलं. पटलं म्हणून तो भेगेपाशी गेला, तिथं शेवटचं भोक पाडलं, कॅमेरा सोडला.

दोन डाग. शेजारीशेजारी.

४

लुक्यानचा थोरला भाऊ तेरेन्ती काही वर्षांपूर्वी अंथरुणात, नीटनेटका वारला होता. त्याची बायको अनिस्या शेजारच्याच घरात राहायची. गावातल्या बायका मासे खारवायच्या, सुकवायच्या, अनिस्या ते करून वर पुरुषांच्या बरोबरीनं बर्फावर जायची आणि त्यांच्याहून जास्त मासे आणायची. तोंड तर असं, की माशांनी गळाला लागण्याऐवजी ऐकूनच शरण यावं.

"ये, लुक्या. बस. तोंड का असं आंबलेल्या कोबीसारखं?"

"झोप नाही झाली, वहिनी."

"झोप? तुला कसली काळजी? ना बायको, ना पोरं, ना अक्कल." तिनं चहा ओतला, साखरेचा खडा पुढे केला. मोठ्या उपासाआधीचा लोण्याचा आठवडा सुरू झाला होता, त्यामुळे तव्यावर धिरडी. "ती कोटातून वायर कसली लोंबतेय?"

लुक्याननं वायर घाईनं आत कोंबली. "डॉक्टरनं लावलंय. हृदयाला."

"हृदयाला? तुला?" अनिस्या मनापासून हसली. मग हसणं थांबवून तिनं त्याच्याकडे पाहिलं. "खरंच काही आहे का रे? असेल तर सांग. मला सांगायला कसली लाज?"

सांगावं असं त्याच्या अगदी जिभेवर आलं. हिनं शिव्या घातल्या असत्या, चार दिवस हसली असती, आणि मग सगळं सांभाळून घेतलं असतं. पण मुळात तेरेन्तीच मोठा, कान लावायचा मान त्याचा. मरताना त्यानं लुक्यानचा हात धरून म्हटलं होतं, तुझा कान माझ्याहून चांगला. हे ऐकायला तेव्हा अनिस्या तिथंच उभी होती.

"काही नाही," तो म्हणाला आणि खाली बघितलं.

खाली तिचे बूट होते. तेरेन्तीचेच जाड नमद्याचे बूट, तिला फार मोठे. पाय आत डुगडुगू नये म्हणून तिनं डाव्या बुटाला घोट्यापाशी जुन्या रुमालाची पट्टी गुंडाळून वर फूल काढून गाठ मारली होती.

"काय बघतोस? नवीन फॅशन आहे," अनिस्या म्हणाली. "खा, गार होतंय."

५

दुसऱ्या दिवशी पहाटेच तो भेगेपाशी गेला, आणि या वेळी कॅमेऱ्याचं नाक त्यानं आणखी थोडं तिरपं बांधलं.

डाग होतेच. पण आता बाजूनं दिसत होते, आणि ते डाग नव्हते. ते बूट होते. तळवे बर्फाला टेकलेले, आणि तिथून नडग्या खाली गेलेल्या. खाली, पाण्यात, जिथं उजेड पोचत नव्हता तिथवर.

थांब, लुक्यान स्वतःला म्हणाला. घाबरू नकोस, डोकं चालव. कॅमेरा तू उलटा बांधलायस. मग चित्र उलटंच येणार. बर्फावर उभा असलेला माणूस तुला उलटा लटकलेला दिसणार. एवढं साधं आहे.

म्हणजे कोणीतरी बर्फावर उभं होतं. हेही काही बरं नव्हतं, कारण बर्फावर कोणी उभं नव्हतं. पण निदान ते समजण्यासारखं होतं.

तेवढ्यात एक पर्च मासा आला. पट्टेरी, पोट सुटलेला, काठ्यांसारखे काटे पाठीवर उभे करून तो शांतपणे पडद्याच्या एका कडेकडून दुसरीकडे गेला. पाठ वर, पोट खाली. मासा जसा जातो तसा.

चित्र सुलटं होतं.

पर्च नडग्यांच्या मधून गेला. त्याच्या शेपटीनं पाणी हललं असावं, कारण डाव्या बुटाच्या घोट्याशी काहीतरी फडफडलं. काळ्या-पांढऱ्या पडद्यावर रंग कुठला कळायला! पण फूल काढून मारलेली गाठ होती, आणि गाठीला रंग लागत नाही.

लुक्याननं कॅमेरा ओढून काढला. घाईत वायरचा गुंता झाला. परतीच्या वाटेवर तो एकदाही खाली न बघता चालला. गावात चुली पेटल्या होत्या, आणि अनिस्याच्या धुराड्यातून लोण्याचा वास येत होता. म्हणजे ती घरात होती. म्हणजे अजून काही झालं नव्हतं.

आज कोणी जायचं नाही, त्यानं ठरवलं. मी 'नाही' म्हणेन. संपलं.

६

सगळे जमले होते. उपास सुरू व्हायच्या आधीचे शेवटचे दिवस, तेव्हा माशाला भाव. लुक्यान पुढे झाला, टोपी काढली.

"आज कशाला कान लावतोस, लुक्यानदादा!" सावेली ओरडला. घरी जोडलेली फुगीर चाकांची गाडी चालवणारा हा सावेली म्हणजे गावचा भोंगा. "आज तर बहिऱ्याला पण ऐकू येईल!"

लोक हसले. लुक्यानही हसला. त्यानं चेहरे बघितले. सगळ्यांच्या माना किंचित कलल्या होत्या, गाणं चालू असलं की कलतात तशा. सरोवर गात होतं. रात्री थंडी कडाडली होती, बर्फ घट्ट होऊन घुमत होता, सगळ्या गावाला ऐकू येत होतं.

तो पालथा पडला. सूं सूं. उठला.

"आज नको," तो म्हणाला.

हसणं थांबलं.

"नको म्हणजे?" सावेलीनं विचारलं.

"आवाज... बरोबर नाही."

"अरे मेल्या!" अनिस्या घसरगाडी सोडून पुढे आली. "सरोवर मैफल जमवून बसलंय आणि तू म्हणतोस बरोबर नाही? काल रात्री काय प्यायलास?" मग ती अगदी जवळ आली, लोकांकडे पाठ करून. तिचे ओठ हलले. आवाज तिनं एवढा खाली आणला होता की तो लुक्यानपर्यंत पोचलाच नाही. त्यानं ओठ वाचले.

लुक्या, तुला ऐकू येतंय ना?

आयुष्यात पहिल्यांदाच तिनं त्याला काही हळू विचारलं होतं. नाही येत, वहिनी, एवढंच म्हणायचं होतं. दोन हिवाळे नाही येत. माझ्याकडे एक यंत्र आहे, त्यात मी तुझे बूट पाहिले. तिच्या खांद्यावरून त्याला सगळं गाव दिसत होतं. सावेलीचं उघडं तोंड, म्हाताऱ्यांच्या दाढ्या. यातल्या प्रत्येकानं त्याच्या शब्दावर पाय टाकला होता. प्रत्येकाला आता हिशेब लागला असता, की किती वेळा.

"येतंय तर," तो मोठ्यानं म्हणाला. "म्हणजे काय! पुन्हा ऐकलं मनात. धरेल."

"बघा, म्हातारा शुद्धीवर आला!" सावेली म्हणाला.

अनिस्या क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं दोरी खांद्यावर घेतली आणि निघाली. लुक्याननं तिच्या पायांकडे पाहिलं नाही. दिवसभर तो काठावर बसून राहिला. हृदय दुखतंय, असं त्यानं सांगितलं होतं.

७

संध्याकाळी सगळे परत आले. सगळे. लुक्याननं एकेकाला ओळखून घेतलं, आणि अनिस्या दिसली तेव्हा त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. घसरगाडी माशांनी भरलेली, गाल लाल, बूट कोरडे. म्हाताऱ्या मूर्खा, तो स्वतःला म्हणाला. पडद्यात बघून बघून डोकं फिरलं तुझं.

"जमलं का, वहिनी?"

"उत्तम जमलं, भावजी," अनिस्या म्हणाली. "तुमची तब्येत आता कशी आहे?"

ती हसून पुढे गेली. लुक्यान तिथंच उभा राहिला. लग्न होऊन आली त्या दिवसापासून तिनं त्याला भावजी म्हटलं नव्हतं. 'तुम्ही' तर सोडाच.

"आज गप्प आहे ना?" सावेली दोरखंड गुंडाळत म्हणाला. "जाताना भेगेपाशी जरा मागे राहिली होती. मी वळून हाक मारली, तर फळ्यांच्या अलीकडे उभी, नुसती खाली बघत. मग आली. तेव्हापासून एक शिवी नाही. दमली असेल."

"दमली असेल," लुक्यान म्हणाला.

सकाळी तो कॅमेरा घेऊन भेगेपाशी गेला. का गेला, हे त्याला सांगता आलं नसतं. फळ्या जागच्या जागी होत्या. बर्फ अखंड, कुठं ताजा गोठलेला तुकडासुद्धा नाही. त्यानं वायर सोडली.

बूट नव्हते. काळा, गुळगुळीत, चांगला बर्फ. त्यानं वायर बोटांत पिळली. कॅमेरा फिरला, आणि पडद्याच्या कडेला एक मूठ दिसली. खालून वर येत होती. बर्फाला लागायची, मागे जायची, पुन्हा लागायची. घाई नव्हती तिला. दार आतून उघडेल याची खात्री असलेल्या माणसासारखी ती ठोठावत होती.

लुक्याननं टोपी काढली, आणि कोणी बघत नसताना तो पालथा पडला. त्यानं उजवा कान लावला, मग डावा लावला. पडद्यात मूठ आपटत होती.

सूं सूं.

ज्याला ऐकू येतं असा माणूस आणायला हवा होता. तो गावात आला, थेट सावेलीच्या दारात गेला, ठोठावायला हात उचलला. स्वतःची वर गेलेली मूठ त्याला दिसली. आणि काय सांगणार? अनिस्या बर्फाखाली आहे? अनिस्या तर पलीकडच्या अंगणात बर्फ लोटत होती. तिनं मान लववून नमस्कारही केला. चांगली धडधाकट बाई. तिला बघून कोणीही म्हणेल, की बर्फाखाली कोणी नाही.

त्यानं हात खाली घेतला. बरं वाटलं, आणि बरं वाटलं याची जी लाज वाटली ती पुढे कधी गेली नाही.

८

उपासाच्या आदल्या रविवारी या गावात घरोघरी क्षमा मागतात. धाकट्यानं थोरल्यापुढे जमिनीला कपाळ टेकायचं आणि म्हणायचं, मला क्षमा कर. थोरल्यानं म्हणायचं, देव करेल. मग थोरल्यानं वाकायचं. कशाबद्दल क्षमा, ते कोणी विचारत नाही. रीतच तशी चांगली आहे.

लुक्यान दार लावून बसला होता. अनिस्या आपणहून आली.

"भावजी, तुम्ही आला नाहीत. म्हटलं आपणच जावं."

ती चुलीपाशी सरळ उभी राहिली, हात पोटाशी जोडून, वाट बघत. लुक्यान नात्यानं धाकटा. पहिलं वाकणं त्याचं.

तो गुडघ्यांवर आला. समोर नमद्याचे बूट होते. ते बघायला नकोत म्हणून त्यानं डोळे मिटले आणि कपाळ फळ्यांना टेकलं. लाकूड गार होतं. मला क्षमा कर. तीनच शब्द होते. त्यानं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. कारण ते म्हणायचे कोणाला? समोरच्या बाईला म्हटले, तर ती अनिस्या आहे असं कबूल केल्यासारखं होतं. न म्हटले, तर ती अनिस्या नाही, असं.

मान कलली आणि त्याचा उजवा कान फळीला लागला.

रक्ताची सूं सूं थांबली, आणि फळीखालून आवाज आला.

"देव करेल, लुक्या."

इतकं स्पष्ट त्याला दोन हिवाळ्यांत काही ऐकू आलं नव्हतं. त्यानं डोळे उघडले आणि वर बघितलं. अनिस्या ओठ मिटून उभी होती. त्यानं अजून काही मागितलेलं नव्हतं, ते तो मागेल याची ती वाट बघत होती.